कोपऱ्याला कोपरा

तोझाई लाइनची गाडी इथे भुयारातून नाही, पुलावरून धावते. ती डोक्यावरून गेली की खाली लावलेल्या सायकलींच्या रांगा बारीक थरथरतात. कसाई स्टेशनातून बाहेर पडणारी माणसं शेवटच्या पायरीवरच छत्र्या उघडतात. जुलैचा पहिला आठवडा आहे. पाऊस पडतोय, पण कोकणातल्यासारखा कोसळत नाही. बारीक, चिकट, सकाळपासून एकाच लयीत. वारा अजिबात नाही. शर्ट पाठीला चिकटलेला.

आपण पूर्वेला वळतो. पश्चिमेकडे पुढच्याच स्टेशनला निशी-कसाई. तिथे भारतीय किराणा, डोसे, हिंदी-तमिळ-तेलुगूचा गलका. इकडे हिगाशी-कसाईत तो गलका पोचत नाही. मध्यम उंचीच्या इमारती, गॅलरीत छपराखाली ओढलेले कपडे, पुढे-मागे लेकरांच्या खुर्च्या बसवलेल्या सायकली. प्लॅस्टिकच्या बुरख्याखाली बसलेलं एखादं पोर आपल्याकडे टक लावून बघत पुढे जातं. रस्ता सपाट, अगदी सपाट. या एदोगावा वॉर्डातली साधारण 70 टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. पूर्वी इथवर समुद्र होता आणि काठावरची माणसं शेवाळ पिकवायची. शेवाळाचा लगदा पाण्यात कालवायचा, चौकटीत पातळ ओतायचा, चटईवर वाळवायचा. कागद करतात तसाच, त्याच पद्धतीनं. नोरीचे ते चौकोनी पापुद्रे इथल्या उन्हात ओळीनं वाळत पडलेले असायचे. आता त्या जागी शाळा, दवाखाने, बागा, आणि वॉर्डाचं ग्रंथालय.

दाराशी छत्र्यांचा स्टँड. शेजारी छत्रीवर चढवायच्या लांबट पिशव्या. एक आजोबा शांतपणे छत्री झटकतात, पिशवी चढवतात, आत जातात आणि वर्तमानपत्रांच्या टेबलाशी नेहमीची खुर्ची ओढतात. त्यांच्यामागून तीन मुलं घुसतात. पिवळे गमबूट, निळे गमबूट, आणि एकाच्या पायात दोन वेगळे.

रांग उजवीकडे आहे. मुलांच्या विभागाच्या तोंडाशी चिकटवलेल्या पट्टीपासून सुरू होते आणि शब्दकोशांच्या कपाटापर्यंत जाते. गोष्टीचा कार्यक्रम साडेदहाला. आधी क्रमांकाच्या चिठ्ठ्या मिळतात. खोली लहान, म्हणून अशा कार्यक्रमांना पंधरावीस मुलांचीच सोय असते. चिठ्ठी म्हणजे तळहाताएवढा रंगीत तुकडा. उलटून बघितला तर मागे मागच्या महिन्याच्या पत्रकातली अर्धी ओळ. जुनी पत्रकं इथे टाकत नाहीत. पाठकोरा कागद कातरला की त्याच्या चिठ्ठ्या होतात, खुणा होतात, सरावाचे चौकोन होतात.

रांगेत कुणी ढकलत नाही, पण वाट बघणं सगळीकडे सारखंच. बाळं कुरकुरतात. आया एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकतात. गळ्यात अडकवलेल्या छोट्या टॉवेलांनी माना पुसतात. एसी चालू आहे, तरी गारवा म्हणावा तसा नाही. 2005 पासून उन्हाळ्यात कचेऱ्यांमध्ये पारा 28 अंशांवर ठेवायची मोहीम देशभर चालते, आणि सरकारी इमारती ती मनापासून पाळतात. एक बाई चिठ्ठीनंच वारा घेते.

रांगेत आपली मंडळी दिसतात. दिसायचीच. या एका वॉर्डात पाच हजारांहून जास्त भारतीय राहतात, टोकियोच्या कुठल्याही वॉर्डापेक्षा अधिक. एक तरुण आई, पाठीला लॅपटॉपची सॅक, हाताला पाचेक वर्षांची मुलगी. त्यांच्यामागे आजी. साधी पाचवारी, पदर खोचलेला, आणि पायात सुनेचे स्पोर्ट्स शूज.

“आई, तुम्ही बसा ना त्या बाकावर. मी आहे रांगेत.”

“बसून बसून पाय आखडलेत गं माझे. राहू दे उभी.”

मुलीला चिठ्ठी मिळते. ती नाचवत आणते. “आजी, जू-नी! जू-नी आला!”

“म्हणजे किती गं?”

“बारा, आजी.”

“मग बारा म्हण की.”

मागे उभ्या असलेल्या दोन मुलांना चिठ्ठ्या मिळत नाहीत. संपल्या. त्यातल्या धाकट्याचा चेहरा पडतो. अशा वेळी काय करतात हे बघण्यासारखं आहे. निळा एप्रन घातलेली ग्रंथपाल गुडघ्यावर बसते, म्हणजे तिचा चेहरा त्याच्या चेहऱ्यासमोर येतो, आणि खोलीबाहेरच्या टेबलाकडे बोट करते. तिथे चिठ्ठी लागत नाही. तिथे बेडूक होतात.

आपण टेबलाशी जाऊ. दुधाची रिकामी खोकी रचून ठेवलीत. धुतलेली, उलगडलेली, वाळवलेली. इथल्या घराघरात खोकं असं सपाट करूनच रद्दीला जातं, त्यामुळे ग्रंथालयानं पाटी लावली की आठवड्याभरात ढीग जमतो. एक लिटरच्या खोक्याचा तळ 7 सेंटिमीटरचा चौकोन. त्याच मापानं बाजूची पट्टी कापायची, मधोमध दुमडायची. चार कोपऱ्यांजवळ कातरीनं एकेक खाच. खाचांत रबरबँड अडकवायचा, पण सरळ नाही, मध्ये पीळ देऊन, फुलीसारखा. वर हिरवा कागद, दोन डोळे. झाला बेडूक. आता तो उलटा दुमडायचा म्हणजे रबर ताणतं. टेबलावर दाबून धरायचा. बोट काढायचं.

टप्प!

बेडूक हातभर उडतो आणि शब्दकोशांच्या कपाटाखाली जातो. चिठ्ठी न मिळालेला मुलगा त्याच्यामागे पोटावर सरपटतो. बाहेर येतो तेव्हा केसांत धूळ, आणि चेहऱ्यावर मघाच्या दुःखाचा मागमूस नाही. मोठा भाऊ तोवर दुसऱ्या बेडकाच्या खाचा खोल करून बघतोय. रबर जास्त ताणलं तर उडी वाढते का? वाढते. आणखी ताणलं तर? पट्टी वाकते. कुणी शिकवत नाही, तो दाबतो, सोडतो, मोजतो.

आत जायची वेळ झाली. गालिच्याच्या कडेशी बूट काढायचे, टाचा भिंतीकडे करून ओळीत लावायचे. आजी आपले बूट काढते, हातात घेऊन क्षणभर बघते, मग इतरांसारखे लावते. मुलांच्या विभागातली कपाटं कमरेच्या खाली. पुस्तकं कण्याच्या बाजूनं नाही, तोंडानं ठेवलीत, चित्र दिसेल अशी. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही निवडता येईल. पानांना भोकं असलेलं ते सुरवंटाचं पुस्तकही तिथेच, कडा झिजून मऊ झालेलं. एरिक कार्ल या अमेरिकी चित्रकाराचं, 1969 चं. अमेरिकेत परवडेल अशा खर्चात भोकं पाडून देणारा छापखाना मिळाला नाही, म्हणून पहिली आवृत्ती जपानमध्ये छापली गेली. जाता जाता एक मुलगा थांबतो, पेरूच्या, नाही, नासपतीच्या भोकातून बोट घालतो आणि पुढे जातो.

खोलीत दिवे थोडे मंद. पुढे लाकडी चौकट, तिला दोन बाजूंना आणि वर अशी तीन दारं. ही कामिशिबाईची रंगभूमी. कागदी चित्रांचं नाटक. 1930 च्या सुमाराला टोकियोच्या गल्ल्यांत माणसं अशी चौकट सायकलच्या मागे बांधून फिरायची. लाकडाच्या ठोकळ्यांवर ठोके देऊन पोरं गोळा करायची, आधी गोळ्या विकायची आणि मग गोष्ट सांगायची. आता गोळ्या नाहीत, सायकल नाही. चौकट तशीच आहे.

दारं उघडतात. पहिलं चित्र रात्रीचं. तानाबाता सणाची गोष्ट. ताऱ्यांची नदी, एका काठाला विणकर राजकन्या, दुसऱ्या काठाला गुराखी. वर्षातून एकाच रात्री, सातव्या महिन्याच्या सातव्या दिवशी भेट. आपण ज्यांना अभिजित आणि श्रवण म्हणतो ते हे दोघे, आणि मधली नदी म्हणजे आपली आकाशगंगा. सांगणारी बाई चित्र एकदम ओढत नाही. अर्ध्यावर थांबते. मागच्या चित्राचा एक काठ दिसतो, त्यावर फक्त एक हात. कुणाचा? मुलं पुढे झुकतात. पंधरावीस पाठी एका वेळी पुढे झुकतात. मग ती उरलेला कागद सर्रकन ओढते.

चिमुरडी कुजबुजत आजीला भाषांतर करून सांगते. अर्धं मराठी, अर्धं जपानी. आजी मान डोलावते. तिला चित्रांवरून कळलंय, पण ती सांगू देते.

त्या रात्री पाऊस पडला की ताऱ्यांच्या नदीला पूर येतो आणि भेट हुकते. म्हणून खिडकीत पांढऱ्या बाहुल्या टांगल्यात. टिशू पेपरचा बोळा, वर दुसरा कागद, गळ्याला रबर, दोन ठिपक्यांचे डोळे. पाऊस थांबावा म्हणून घरोघर टांगतात तशा. एक मुलगा खिडकीबाहेर बघतो. पाऊस चालूच आहे.

दिवे लागतात. बुटकी टेबलं ओढली जातात. गोष्ट आणि हातकाम यांच्यात मोकळा वेळ अगदी थोडा ठेवतात, आणि ते मला फार शहाणपणाचं वाटतं. डोळ्यांपुढे अजून नदी आहे तोवर हातात कागद यायला हवा. उशीर झाला की ते नुसतं कागदकाम उरतं, गोष्टीचं बोट सुटतं.

टेबलावर 15 सेंटिमीटरचे चौकोन. सगळ्या देशात शाळेपासून दुकानापर्यंत ओरिगामीचं हेच नेहमीचं माप. 110 येनच्या दुकानातही याची गड्डी मिळते. एका बाजूला रंग, दुसरी पांढरी. बोथट टोकाच्या छोट्या कातऱ्या, प्रत्येकीवर टोपण. आणि पिवळ्या कुत्र्याच्या आकाराची डबी, डोक्यावर लाल टोपी. टोपी काढली की आत पांढरी मऊ पेस्ट.

आजी बोट बुडवते, दोन बोटांत चोळते, वास घेते.

“अगं, ही तर खळ!”

“काय, आई?”

“खळ गं. मैद्याची करतो ना आपण, पताकांना. ही कशाची आहे?”

मक्याच्या पिठीची आहे. पिष्टच. मुलांनी चाटली तरी भीती नाही, म्हणून बालवाड्यांतून हीच वापरतात. आजीनं गावाकडे वर्षानुवर्षं बालवाडी चालवलीय. ती आता मांडी घालून नीट बसते. मघाचं पाहुणेपण गेलेलं.

ग्रंथपाल नमुना वर धरते. कागदी कंदील. मुद्दाम साधा, एका जागी किंचित तिरका. सुबक नमुना ठेवला की आया मुलांच्या हातून कातरी काढून घेतात, हे इथल्या माणसांना पुरतं ठाऊक आहे. मी अनेक ठिकाणी बघितलंय. पोर बाजूला बसून टेबलाखाली पाय हलवतंय आणि आई जीव तोडून कंदील करतेय. इथे नमुनाच असा की कुठल्याही पाच वर्षांच्या मुलाला वाटावं, एवढं तर मला येतं.

भिंतीवर कृतीचा मोठा कागद. अक्षरं थोडी, चित्रं जास्त. तुटक रेघ म्हणजे घडी आतल्या बाजूला. तुटक रेघेत ठिपके आले तर घडी बाहेरच्या बाजूला. बाण म्हणजे कुठून कुठे न्यायचं. ही खुणांची लिपी अकिरा योशिझावा यांनी बसवली. 1954 च्या पुस्तकात ती आली, पुढे थोड्याफार फरकानं जगभर तीच रुळली. लॅपटॉपवाली आई तो तक्ता बघते. जपानी अक्षरं तिला अजून जड जातात. ऑफिसात इंग्रजीवर भागतं, शाळेच्या चिठ्ठ्या फोनसमोर धरून वाचाव्या लागतात. इथे ती फोन काढत नाही. नजर बाणावरून बाणावर जाते, बोटं हवेतच घडी घालून बघतात.

“कोपऱ्याला कोपरा लावायचा, बरं का,” ती लेकीला सांगते.

तेवढ्यात ग्रंथपालही तेच सांगते, जपानीत. आणि मग अंगठ्याचं नख घडीवरून फिरवत म्हणते, “आयरन, आयरन.” इस्त्री करा. सगळी मुलं नखांनी इस्त्री करू लागतात. कागदावरून नखं फिरल्याचा एक खर्र आवाज खोलीभर होतो.

आता कंदील जवळून बघू. चौकोन मधोमध दुमडलेला. दुमड खाली, मोकळी कड वर. मोकळ्या कडेपासून दोन बोटं खाली एक जाड लाल रेघ छापलीय. कातरी दुमडीच्या बाजूनं शिरायची आणि लाल रेघेपाशी थांबायचं. पुन्हा शेजारी दुसरी चीर. पुन्हा थांबायचं. सगळं कौशल्य या थांबण्यात आहे. पाच वर्षांच्या हाताला कापणं सोपं जातं, थांबवणं अवघड. चिमुरडी जीभ बाहेर काढते, कातरी दोन्ही हातांनी धरते. कच्. कच्. रेघ आली. थांबली. खांदे खाली येतात.

समोरच्या मुलाची कातरी थांबत नाही. लाल रेघ ओलांडून सरळ बाहेर. एकदा, दोनदा. कागदाच्या पट्ट्या सुटू लागतात. ओठ थरथरतो. ग्रंथपाल येते. ‘असू दे’ म्हणत नाही, नवा कागदही देत नाही. ती उरलेल्या चिराही आरपार मारायला लावते, सुट्या पट्ट्यांची टोकं कागदाच्या एका कड्याला चिकटवते आणि हात उंच करते. पट्ट्या झुलतात. तानाबाताच्या वेळूवर अशा झिरमिळ्या लावतातच, विणकर राजकन्येचे ते धागे. मुलगा तिच्या हातून ती ओढून घेतो आणि शेजारणीला दाखवतो. शेजारणीला आता कंदील नकोय. तिला झिरमिळ्या हव्यात.

आजीनं तोवर आपला कागद उलगडलाय. चिरा मारलेला, मध्ये फुगलेला. ती त्याची नळी करते, खळ लावते, दाबून धरते. वरून पट्टीची मूठ. हातावर उभा करते.

“हा आपला दिवाळीचा कंदील. घोटीव कागदाचा करायचो आम्ही. हाच. अगदी हाच.”

खरंच तोच आहे. आपल्याकडच्या बालवाडीतल्या कुठल्याही मुलाला विचारा, आश्विनात तो हेच करून घरी नेतो. मला हे योगायोगाचं वाटत नाही. जर्मनीत फ्रोबेलनं 1840 मध्ये बालोद्यानाला नाव दिलं तेव्हा त्याच्या हस्तव्यवसायांत कागदाच्या घड्या, कातरकाम, विणकाम होतं. 1876 मध्ये टोकियोत पहिलं सरकारी बालोद्यान निघालं आणि त्या घड्या इथल्या जुन्या घड्यांना येऊन मिळाल्या. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला गावातली बालवाडी काढली. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या, पुढे काम कोसबाडला गेलं. परदेशी साधनं महाग, म्हणून त्यांनी पानं, बिया, शंख-शिंपले, माती मुलांच्या हाती दिली. घोटीव कागदाचा ताव, खळीची वाटी आणि एक कातरी, एवढ्यावर चालणाऱ्या किती बालवाड्या त्या वाटेनं उभ्या राहिल्या. आजी त्यातल्याच एकीची बाई. सातासमुद्रापलीकडे तिच्या हाताला ओळखीचं काम मिळालंय, आणि हात आता थांबायला तयार नाहीत.

ती पाठकोऱ्या कागदाची एक पट्टी उचलते. चार वेळा दुमडते. एकदा या कडेनं चीर, एकदा त्या कडेनं, आलटून पालटून. उलगडते, दोन टोकं हलकेच ओढते. जाळी! कागद हातभर लांब होतो. इथेही वेळूवर ही जाळी टांगतात, मासेमारीच्या जाळ्याची आठवण म्हणून, भरपूर मिळावं म्हणून. शेजारची जपानी मुलगी आजीचा हात बघत बसलीय. आजी तिच्यापुढे दुसरी पट्टी सरकवते.

“घे. दुमड. असं. नाही नाही, उलट बाजूनं.”

मराठीतच. मुलगी दुमडते.

“आता काप. थांब, थांब! हं. आता इकडून.”

मुलगी कापते, थांबते, पट्टी फिरवते. आजी मराठीत सांगतेय, मुलगी जपानीत हुंकार देतेय, आणि जाळी होतेय. मुलीची आई हात जोडल्यासारखी मान लववते. आजीही मान लववते, दोघींचं ते बराच वेळ चालतं.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला कागदाच्या साखळ्या वाढताहेत. पट्टीचं कडं, त्यात दुसरं, त्यात तिसरं. हे अडीच-तीन वर्षांच्या पोरांचं काम. कातरी नाही, घडी नाही, फक्त खळ आणि बोट. एका बाळानं दहा कडी केलीत आणि खळ कोपरापर्यंत फासलीय. त्याच्या आईकडे ओला रुमाल तयार आहे. ग्रंथपालाकडेही आहे. कपाटात आणखी दहा आहेत.

शेवटी तानझाकु. उभ्या लांब चिठ्ठ्या, पाच रंगांच्या. यावर इच्छा लिहायची आणि वेळूला बांधायची. वेळू बाहेर पुस्तक देण्या-घेण्याच्या टेबलाजवळ उभा आहे, पानं कडेनं वळू लागलेली. मोठी मुलं पेन्सिली चावतात. एकाला शिन्कान्सेन चालवायची आहे. एकीला मांजर हवंय. एक आजोबा, मघाशी वर्तमानपत्राशी बसलेले, उठून येतात, चिठ्ठी मागून घेतात, उभ्यानंच काहीतरी लिहितात आणि सगळ्यात उंच फांदीला बांधून परत जातात.

चिमुरडी विचारते, “मराठीत लिहिलं तर चालेल?”

आई ग्रंथपालाकडे बघते. हातवारे करून, तोडक्या जपानीत विचारते. ग्रंथपाल मान हलवते, पेन पुढे करते. मग तीही हळू, सोप्या जपानीत विचारते, एकेक शब्द सुटा करून. या सोप्या बोलण्याचं इथल्या वॉर्डांच्या कचेऱ्यांत आता मुद्दाम शिक्षण देतात. आई पहिल्यांदाच फोनशिवाय उत्तर देते.

चिमुरडी लिहिते. ‘आजी इथेच रहावी.’ ‘रहावी’तला र उलटा पडतो. आजी वाचते, चष्मा काढते, पुसते. “व्हिसा तीन महिन्यांचा आहे हो, राणी,” ती म्हणते, आणि गाठ आपल्या हातानं बांधते.

आवराआवरीही कार्यक्रमातच धरलेली आहे. घंटी वाजते. कातऱ्यांना टोपणं. मोठे तुकडे एका डबीत, बारीक दुसरीत. बारीक तुकड्यांची पुढच्या वेळी चिकटचित्रं होतील. फेकायचं म्हणून उरतं ते मूठभर. एक मुलगा टेबलाखालून शेवटची चीर उचलून आणतो आणि ती कुठल्या डबीत टाकावी या विचारात उभा राहतो.

आई पर्स उघडते. “कागदाचे, खळीचे… किती द्यायचे?”

ग्रंथपाल दोन्ही हात छातीसमोर हलवते. काही नाही. 1950 च्या ग्रंथालय कायद्यातच लिहिलंय की सार्वजनिक ग्रंथालयानं प्रवेशाचे किंवा वापराचे पैसे घ्यायचे नाहीत. देशात अशी 3,300 च्या आसपास ग्रंथालयं, आणि बऱ्याच ठिकाणी मुलांसाठी गोष्टीचा असा तास असतो. हे बघताना मला आपल्याकडची अकरा-बारा हजार शासनमान्य ग्रंथालयं आठवतात. 1967 च्या कायद्यानं मान मिळालेली, गावोगावची, अपुऱ्या अनुदानावर तग धरलेली. तिथल्या एका टेबलाला लागतं तरी काय? पाठकोरे कागद, वाटीभर खळ, चार कातऱ्या, आणि शनिवारची संध्याकाळ मुलांसाठी राखून ठेवणारं एक माणूस. तिथे असे हात असलेल्या आज्या तर इथल्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत. हे व्हावं असं मला फार मनापासून वाटतं.

बेडकांच्या टेबलाशी आता गर्दी. आतली मुलं बाहेर आलीत, कंदील हातात, तरी त्यांना बेडूक हवेत. टप्प. टप्प. वर्तमानपत्रवाल्या आजोबांच्या बुटाशी एक येऊन पडतो. ते वाकतात, उलटा दुमडतात आणि परत उडवून देतात. बरोबर टेबलाकडे.

चिमुरडी सुरवंटाचं पुस्तक छातीशी धरून उभी आहे.

“आई, हे घरी नेऊ?”

“आपल्याकडे कार्ड नाहीये गं.”

“मग घे ना कार्ड.”

आई थांबते. टेबलापलीकडची बाई अर्ज पुढे करते. नाव, पत्ता, फोन. आई रहिवासी कार्ड काढते, पत्त्यातली अक्षरं त्यावरून बघून बघून अर्जात उतरवते, एकेक रेघ. हिगाशी-कसाई लिहायला तिला वेळ लागतो. मागे रांग वाढते, पण कुणी हूं का चूं करत नाही. लेकीच्या नावाचं वेगळं कार्ड मिळतं. नाव जपानी अक्षरांत, कोरं करकरीत.

“दोन आठवडे,” बाई दोन बोटं दाखवते. शिक्का मारते.

“आजी, तू पण घे ना,” चिमुरडी म्हणते.

“मला काय वाचता येणार आहे त्यातलं!”

“मी सांगीन.”

आजी सुनेकडे बघते. “विचार गं तिला, तीन महिन्यांसाठी मिळतं का. आणि पुढच्या शनिवारी काय करणार आहेत तेही विचार. खळ मी घरून आणीन म्हणावं, मैद्याची. जास्त चिकटते.”